संधिवाताचे इंजेक्शन, विम्याची मुदत आणि मुलीची एफडी

तुमच्या पत्रातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वय ४३, घर कांदिवलीला आणि नोकरी लोअर परळच्या एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागात. पाच वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, त्या संधिवाताचे) निदान झाले. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन नियमित घेऊनही गेले वर्षभर मनगटे सुजतात, सकाळी तास-दीड तास बोटे उघडत नाहीत आणि लोकलमध्ये कडी धरणे अवघड झाले आहे. संधिवाततज्ज्ञांनी आता दर पंधरा दिवसांनी घ्यायचे बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून तयार केलेल्या औषधाचे) इंजेक्शन सुचवले असून महिना सुमारे १९,००० रुपये खर्च सांगितला आहे. घरात येणारी रक्कम १,१०,००० (त्यात तुमचा पगार ४८,०००), गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, एसआयपी १२,००० आणि सध्याचे औषधपाणी ४,५०० रुपये. शिल्लक म्हणावी तर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ७ लाखांची एफडी, म्युच्युअल फंडात ६ लाख ४० हजार आणि पीपीएफमध्ये ५ लाख.

तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत: एफडी मोडून इंजेक्शन सुरू करणे, यजमान म्हणतात तसे आता स्वतंत्र आरोग्यविमा घेऊन त्यातला जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी संपल्यावर इंजेक्शन सुरू करणे, किंवा सहा महिन्यांत आजार मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या एका केंद्राला १ लाख ७५ हजार रुपये आगाऊ भरणे.

शेवटच्या पर्यायावर फार शब्द खर्च करत नाही. या आजारावर कायमचा उतारा आज कोणत्याही उपचारपद्धतीत नाही. तो पूर्ण आटोक्यात येऊ शकतो, आणि चांगल्या उपचाराचे उद्दिष्ट तेच असते. बरे होण्याची हमी देऊन सगळे पैसे आधी मागणाऱ्याकडे एक रुपयाही देऊ नये. अशा ठिकाणच्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड आढळल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यामुळे पहिल्या आठवड्यात वाटणारा आराम फसवा असतो.

यजमानांचा मार्ग अधिक विचारपूर्वक तपासायला हवा, कारण वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे; पूर्वी तो ४८ महिने असू शकत असे. म्हणजे आज पॉलिसी घेतली, तर तीन वर्षांनंतर संधिवातासाठी दावा करता येईल. पण कशाचा दावा? सर्वसाधारण आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा किंवा डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात अशा) उपचारांचा खर्च देतो. तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन इन्शुलिनसारखे घरच्या घरी त्वचेखाली घेण्याचे आहे. तो खर्च ओपीडीत, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांत मोडतो, आणि बहुतेक पॉलिसी तो देत नाहीत, दिला तरी छोट्या मर्यादेत देतात. रिटुक्सिमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखे रुग्णालयात सलाइनमधून दिले जाणारे औषध असेल तर गोष्ट वेगळी, कारण मोनोक्लोनल अँटिबॉडीचे (ही दोन्ही औषधे त्याच गटातली) उपचार विम्याने मान्य करावयाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, मात्र त्यांवर अनेक कंपन्या उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम लावतात. तेव्हा तीन वर्षे थांबून जे हाती येईल असे यजमानांना वाटते, ते बहुधा येणारच नाही.

या तीन वर्षांची किंमतही मोजा. सूज आटोक्यात नसताना सांध्याच्या कडेचे हाड झिजते आणि झिजलेले हाड नंतरच्या औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणूनच उपचाराचा दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा आणि सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठले नाही तर औषध बदलायचे, अशी या आजारातली मान्य पद्धत आहे. तुमचे काम कीबोर्डवरचे आहे, वर्षाचा पगार ५,७६,००० आहे आणि इंजेक्शनचा वार्षिक खर्च २,२८,००० म्हणजे त्याच्या साधारण ४० टक्के. हात निकामी होऊन नोकरी गेली तर गृहकर्ज एकट्या यजमानांच्या पगारावर येईल, शिवाय कंपनीची मेडिक्लेमही जाईल. थांबल्याने पैसे वाचतील, हा हिशेब मला पटत नाही.

स्वतंत्र पॉलिसी मात्र जरूर घ्या, ती संधिवातासाठी नव्हे तर इतर सगळ्यासाठी, आणि प्रस्तावात आजार स्पष्ट लिहा. एजंटने तो न लिहिण्याचा सल्ला दिल्याचे तुम्ही कळवले आहे. साठ महिन्यांनंतर विमा कंपनी हरकत घेऊ शकत नाही हे त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण फसवणूक त्या संरक्षणातून वगळलेली आहे आणि जाणूनबुजून लपवणे हे फसवणुकीतच धरले जाऊ शकते. असा सल्ला देणारा एजंट बदला. त्याच आठवड्यात कंपनीच्या एचआरकडून लेखी विचारून घ्या की ग्रुप मेडिक्लेममध्ये ओपीडीची तरतूद आहे का आणि डे-केअरमधील बायोलॉजिकला उपमर्यादा किती. ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजारांना अनेकदा प्रतीक्षा नसते. त्यामुळे हे उत्तर तज्ज्ञांच्या औषधनिवडीलाही उपयोगी पडू शकते.

आता पैसा कुठून आणायचा हे पाहू. मुलगी बारावीत आहे, म्हणजे ७ लाखांची गरज वर्षाच्या आत आहे. ती एफडी मोडू नका. पीपीएफवर ७.१ टक्के करमुक्त व्याज मिळते, तेही राहू द्या. पहिल्या टप्प्यासाठी फक्त सहा महिन्यांचा विचार करा: इंजेक्शनचे १,१४,००० आणि आधीच्या तपासण्यांचे तुम्हाला सांगितलेले ८,०००, असे १,२२,००० रुपये. एसआयपी १२,००० वरून ४,००० वर आणलीत तर सहा महिन्यांत ४८,००० सुटतील. उरलेले ७४,००० वर्षापेक्षा जुन्या इक्विटी युनिट्स विकून उभे करा. आर्थिक वर्षातील १ लाख २५ हजारांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यामुळे करही लागू नये. निवृत्तीचा निधी थोडा मागे पडेल, पण तो भरून काढायला तुमच्याकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ आहे. वैयक्तिक कर्ज काढू नका. दरमहा चालू राहणाऱ्या खर्चासाठी कर्ज घेतले की दुसऱ्या वर्षी हप्ता आणि औषध दोन्ही अंगावर येतात.

करसवलतीवर फार विसंबू नका. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीबीच्या (ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट) आजारांच्या यादीत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस नाही आणि कलम ८०यू (अपंगत्वासाठीची वजावट) साठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र लागते. शिवाय दोन्ही सवलती जुन्या कररचनेतच मिळतात.

औषध कोणते घ्यायचे हे ठरवणे माझे काम नाही, पण खर्चाशी निगडित काही प्रश्न तुम्ही तज्ज्ञांना विचारायलाच हवेत. सुचवलेले औषध मूळ ब्रँडचे आहे की बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याशी मिळतीजुळती दुसऱ्या कंपनीची आवृत्ती? अडालिमुमॅब या बायोलॉजिकचे भारतीय बायोसिमिलर २०१४ पासून उपलब्ध आहे आणि छापील किमतीपेक्षा प्रत्यक्ष किंमत बरीच कमी असू शकते. याच आजारावरच्या टोफॅसिटिनिब या गोळ्यांचे जेनेरिक पुष्कळ स्वस्त पडते. मात्र हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या किंवा धूम्रपानाचा इतिहास असेल तर धोका वाढतो, म्हणून केवळ किमतीवरून निवड करू नका. क्षयाची सुप्त लागण तपासल्याशिवाय बायोलॉजिक सुरू करत नाहीत आणि मुंबईत ती सापडणे नवलाचे नाही. सापडल्यास आधी तिचे औषध सुरू करावे लागते, तेव्हा पहिले इंजेक्शन महिना-दोन महिने पुढे जाईल असे धरून चाला. मनात शंका उरली तर परळच्या केईएम रुग्णालयात अल्प खर्चात दुसरे मत घेता येईल.

सहा महिन्यांनी गुण आला असेल, तर डोस किती काळ याच अंतराने घ्यायचा हे तज्ज्ञांकडून समजून घ्या आणि तो आकडा घेऊन मला पुन्हा लिहा. पुढच्या वर्षाची तरतूद त्यावर ठरवू. गुण आला नसेल, तर औषध बदलेल आणि आकडाही बदलेल, म्हणूनच मी वर्षभराची रक्कम आज बाजूला काढायला सांगत नाही. दरम्यान एफडीची मुदत प्रवेशाच्या आधी संपत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी एकच पावती न करता एक-एक लाखाच्या सात पावत्या करा. एखादी मोडावी लागली तरी बाकीच्यांच्या व्याजाला धक्का लागणार नाही.