इंग्लंडमधली एशियन चेन रेस्टॉरंटे : बर्मिंगहॅमला येणाऱ्या निपाणीच्या दांपत्यासाठी

तुम्ही विचारले आहे की नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला येऊन स्थिरावताना वागामामा, इत्सू, वासाबी अशा चेन रेस्टॉरंटांतले एशियन जेवण भरवशाचे असते का, तुम्हा दोघांना रविवारी संध्याकाळी गाड्यावरचे गोबी मंचुरियन खाण्याची सवय आहे ती तिथे भागेल का, आणि वहिनी जैन घरातल्या असून कांदा-लसूण खात नाहीत, तर त्यांच्या पानात काय पडेल. मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा असून बरीच वर्षे इथे मिडलंड्समध्ये, म्हणजे बर्मिंगहॅमच्या आसपासच्या मध्य इंग्लंडात, राहतो आहे, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांना माझी तीन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत असे मला वाटते.

मंचुरियनचे आधी उरकतो, कारण त्याचे उत्तर सरळ "नाही" असे आहे. मंचुरियन हा पदार्थ चीनमधून आलेला नसून तो १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी जन्माला घातला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्यातला कॉर्नफ्लोअर, सोया सॉस, हिरवी मिरची आणि भरपूर लसूण हा मेळ पूर्णपणे भारतीय जिभेसाठी जमवलेला आहे. इथल्या चेन रेस्टॉरंटांना तो पदार्थ ठाऊकच नाही. शिवाय मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने मंचुरियनमधल्या ज्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, त्या लालभडक रंगाची डोळ्यांना झालेली सवय इथे उपयोगाची नाही, कारण इथल्या ताटात तपकिरी आणि फिकट पिवळा हेच रंग जास्त दिसतील आणि पहिल्या दिवशी तुम्हाला जेवण आजाऱ्याचे वाटण्याची शक्यता आहे.

आता तुमच्यापुरते, म्हणजे चिकन खाणाऱ्या माणसापुरते बोलतो. वागामामा हे अॅलन याव यांनी १९९२ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागात सुरू केले. लांबलचक बाकांवर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवायचे आणि जो पदार्थ स्वयंपाकघरात आधी तयार होईल तो आधी टेबलावर येणार, ही तिथली रीत आहे. त्यामुळे एकाचे ताट समोर आणि दुसरा वाट पाहतो आहे असे झाले तर रागावू नका. तिथला सर्वांत खपाचा पदार्थ म्हणजे चिकन कात्सू करी : पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले चिकन, चिकट भात आणि वर पिठल्यासारखा दाट, गोडसर, पिवळा रस्सा. हा रस्सा जपानी म्हणून विकला जात असला तरी त्यामागची करी पावडर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांमार्फत जपानला पोहोचली होती, म्हणजे आपल्याच मसाल्याचा हा दूरचा नातलग दोन समुद्र ओलांडून आणि तिखट वाटेत टाकून देऊन परत आलेला आहे. मला तो आवडतो, पण तो ज्या किमतीला मिळतो त्या किमतीला आवडतो असे म्हणवत नाही. दोघांनी पेयांसह जेवल्यास साधारण ३५ ते ४० पौंडांची तयारी ठेवावी लागते. मेनूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, मात्र पुष्कळ रेस्टॉरंटांत बिलाखाली साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले असते. ते ऐच्छिक असल्याने सेवा पसंत न पडल्यास काढून टाकायला सांगण्यात काही गैर नाही. साधे पाणी मागितल्यास फुकट मिळते, म्हणून वेटरने कोणते पाणी हवे असे विचारल्यावर बाटलीकडे बोट दाखवू नका.

उत्तम चव हे चेनचे खरे बळ नव्हे. बर्मिंगहॅममध्ये जे ताट मिळाले तेच वेल्समधल्या कार्डिफमध्येही मिळेल, आणि त्या ताटात काय आहे हे विचारल्यावर कोणीतरी कागद किंवा टॅब्लेट उघडून दाखवील, यासाठी आपण तिथे पैसे मोजतो. एकदा एका चेनमध्ये मी मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचे जपानी सूप) शाकाहारी आहे का असे विचारले, तेव्हा वाढणाऱ्या मुलीने "बहुतेक असेल" असे उत्तर देण्याऐवजी मॅनेजरला बोलावून आणले. त्याने यादी उघडून बोटाने ओळ दाखवली की सुपाचा अर्क माशाचा आहे, आणि पुढची सारी ऑर्डर त्याने स्वतः लिहून घेतली. ही शिस्त नवीन माणसाला मोठा आधार देते, विशेषतः ज्याला अजून इथले इंग्रजी उच्चार धड कळत नाहीत त्याला.

तरीही वहिनींच्या बाबतीत ही शिस्त अर्ध्या वाटेवर थांबते, आणि माझ्या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. इथल्या कायद्यानुसार रेस्टॉरंटांना १४ अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात अंडी, मासे, कवचधारी जलचर, दूध, शेंगदाणे, तीळ, सोया, मोहरी इत्यादी आहेत, पण कांदा आणि लसूण नाहीत. त्यामुळे यादी कितीही चोख असली तरी त्यात वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर सापडेलच असे नाही. दुसरी अडचण अशी की चेनमधले बहुतेक सॉस आणि रस्से आधी तयार होऊन येतात आणि स्वयंपाकघरात केवळ गरम करून ओतले जातात, म्हणून "कांदा-लसूण काढून द्या" ही विनंती तिथे कोणी मनापासून ऐकली तरी पाळता येत नाही. वागामामामध्ये रताळे, वांगे आणि भोपळ्याचे काप घातलेली यासाई कात्सू मिळते आणि शाकाहारी माणसाला ती चालते. वहिनी कंदमुळेही वर्ज्य करत असतील तर रताळ्यापाशीच प्रश्न संपतो आणि रश्शापर्यंत जायची गरज उरत नाही.

त्याऐवजी त्यांच्यासाठी मी इत्सू किंवा वासाबीसारख्या ठिकाणी मिळणाऱ्या बंद डब्यांकडे बोट दाखवीन. एका किशोरवयीन मुलीचा लेबल नसलेल्या सँडविचमधल्या तिळांमुळे मृत्यू झाल्यानंतर कायदा बदलला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून तिथेच आधी पॅक केलेल्या प्रत्येक पदार्थावर सर्व घटकांची पूर्ण यादी छापणे बंधनकारक झाले. या कायद्याला इथे त्या मुलीच्या नावावरून नताशाज लॉ म्हणतात. याचा अर्थ असा की काकडी किंवा अॅव्होकाडोच्या सुशीचा, म्हणजे आंबटसर गार भाताच्या जपानी वड्यांचा, डबा हातात घेऊन, काउंटरवर कोणालाही न विचारता, वहिनी स्वतः वाचून ठरवू शकतात की आत लसूण आहे की नाही. उभ्याने खायचे गार डबे हे काही रविवारचे जेवण नव्हे हे मला मान्य आहे, परंतु दुपारच्या वेळी शहरात अडकल्यास उपाशी राहण्यापेक्षा ते बरे. इत्सूची दुकाने बंद होण्याआधीच्या अर्ध्या तासात डबे निम्म्या किमतीला देतात हेही लक्षात ठेवा.

कोणी तुम्हाला असे सांगेल की चेन सोडा आणि चायनाटाऊनमध्ये जा, आणि चवीच्या बाबतीत तो खरेच सांगत असेल. बर्मिंगहॅमच्या हर्स्ट स्ट्रीट परिसरातल्या चिनी रेस्टॉरंटांत तव्याचा जो धूर आणि जो ताजेपणा असतो तो कोणत्याही चेनमध्ये नाही, आणि एक ताट दोघांत वाटून खाल्ल्यास खर्चही कमी येतो. पण तिथे भाजीच्या नावाखाली काय येईल याचा नेम नाही. मापो टोफू (तिखट रश्श्यातला टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर) आणि परतलेल्या फरसबीत बहुधा डुकराचा खिमा असतो, पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो, आणि थाई रश्श्यांच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. टोफू दिसला म्हणजे पदार्थ शाकाहारी, हे समीकरण निपाणीतून निघतानाच सोडून द्या. तुम्ही स्वतः बीफ आणि पोर्क खात नसाल तर "चार सिऊ", "चाशू" आणि "टोंकोत्सू" म्हणजे डुकराचे मांस किंवा हाडांचा अर्क, आणि "बुलगोगी" म्हणजे बहुधा बीफ, एवढे पाठ करून ठेवा.

डिशूमचे नाव तुम्ही विचारले नाही, पण ते कानावर येईलच. जुन्या मुंबईच्या इराणी कॅफेंच्या धर्तीवर लंडनमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या या चेनची शाखा २०२० पासून बर्मिंगहॅममध्येही आहे. काळी डाळ उत्तम असते. पावभाजीसाठी रांगेत उभे राहावे की नाही हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर बेळगावच्या खडेबाजारातून फिरून आलेल्या माणसाला ती हौस लवकर फिटते.

मंचुरियनची तलफ मात्र बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागातल्या सोहो रोडवर किंवा रेल्वेने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर भागवावी. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती मालकांची शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंटे आहेत, तिथे जैन पद्धतीचे जेवण हे शब्द उच्चारल्याबरोबर समजतात, आणि इंडो-चायनीजही त्याच मेनूवर असते. कांदा-लसणाशिवायचे मंचुरियन हवे असल्यास आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण रविवारी दुपारी तिथे इतकी गर्दी असते की ऐनवेळी वेगळा तवा लावायला कोणाला सवड नसते. घरासाठी मात्र संकेश्वरी मिरचीची पूड बरोबर घेऊन या. चेनच्या टेबलावरच्या बाटलीतला मिरचीचा सॉस गोड असतो.