पीळ राहू दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कॉमिकचा १२ प्रकरणांचा आराखडा मिळाला. सेनापती छान उभा राहिलाय, त्याचा तोराही पटतो. अडचण चौथ्या प्रकरणात आहे. मित्राच्या चितेपाशी तो रडतो आणि पाचव्यापासून सगळ्यांशी गोड वागायला लागतो. तिथून पुढे त्याच्याबद्दलची उत्सुकताच संपते. पत्रात तू ‘ड्रॅगन बॉल’मधल्या व्हेजिटाचं नाव घेतलं आहेस, तर त्याच्यावरूनच बोलू. त्याची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, हाताशी घे आणि पुढचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाच.

आधी त्याचा माज कशावर उभा आहे ते बघ. तो सायन या परग्रहावरच्या लढवय्या जमातीचा राजपुत्र खरा, पण ग्रह नष्ट झालेला, जमातीतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले, आणि हा स्वतः फ्रीझा या जुलमी सम्राटाचा चाकर. हुद्द्याखेरीज त्याच्यापाशी काहीच नाही. म्हणून तर तो कथेचा नायक गोकू, जो जन्माने सायनच, त्याला कायम ‘काकारोट’ या सायन नावानेच हाक मारतो. सुंभ जळला तरी हा पीळ जात नाही. बदलतं ते एवढंच, की तो माज कुणाच्या कामी येतो. तुझ्या सेनापतीचाही तोरा काढून घेऊ नकोस.

आता नात्यांकडे वळ. एक वही घे आणि प्रत्येक नात्यासाठी दोन प्रसंग लिही. परिस्थिती साधारण तीच, वागणं वेगळं. दोन्हींमध्ये निदान दोन-तीन प्रकरणांचं अंतर ठेव, नाहीतर बदल घाईचा वाटतो. अशी जोडी सापडलीच नाही, तर ते नातं नुसतं शोभेचं आहे असं समज.

व्हेजिटाची जोडी अशी. दुष्ट शास्त्रज्ञ डॉ. गेरो बुल्माचं विमान उडवतो, आत तिचा आणि व्हेजिटाचा तान्हा मुलगा ट्रंक्स आहे. व्हेजिटा तिथेच असतो आणि जागचा हलत नाही. भविष्यातून आलेला मोठा ट्रंक्स दोघांना वाचवतो आणि बापाला जाब विचारतो, तर याला त्याचं काहीच वाटत नाही. पुढे तगडा प्रतिस्पर्धी हवा म्हणून गेरोने घडवलेल्या सेल या राक्षसाला पूर्ण रूप घेऊ द्यायचं तोच ठरवतो आणि अडवायला निघालेल्या मुलाच्या आड येतो. मग तोच सेल त्या ट्रंक्सच्या छातीतून किरण आरपार काढतो. व्हेजिटा बेभान होऊन तुटून पडतो. एकही वार लागू पडत नाही, उलट त्याला वाचवताना गोकूच्या मुलाचा, गोहानचा, हात निकामी होतो, आणि हा माणूस चक्क गोहानची माफी मागतो. या पानांवर पितृप्रेमाचं भाषण नाही. स्वतःच्या हुशारीचा एवढा अभिमान असलेला लढवय्या डावपेच विसरतो, एवढंच दिसतं आणि तेवढं पुरतं. शिवाय चूक त्याचीच होती, हेही वाचकाला आठवत असतं.

बुल्माच्या जागी बहुतेक नवे लेखक घसरतात. नायिका नायकाला समजावते आणि तो सुधारतो, असं लिहितात. बुल्मा असलं काही करत नाही. नामेक ग्रहावरच्या लढाईनंतर या खुन्याला ती आपल्या घरी राहायला बोलावते. त्याला भीत नाही आणि उपदेशही करत नाही. प्रेम कसं जुळलं हे मांगात दाखवलेलंच नाही; मधली वर्षं गाळून थेट मूल समोर येतं. विमानाच्या प्रसंगाची दुसरी बाजू पार २०१३ च्या चित्रपटात येते: बीरस बुल्माला थोबाडीत मारतो, आणि ज्या देवापुढे व्हेजिटा तोवर मान तुकवून होता त्याच्यावरच तो धावून जातो. तुझी वैद्य मुलगी सहाव्या प्रकरणात सेनापतीला दीड पान समजावते. ते दीड पान काढून टाक.

तुझ्या आराखड्यात सगळ्यात मोठी उणीव घसरणीची आहे. नातं जवळ आलं की गर्विष्ठ माणूस आधी बिथरतो. मुलाला बागेत न्यायचं कबूल करणारा व्हेजिटा स्वतःहून बाबिडी या जादूगाराच्या ताब्यात जातो आणि स्पर्धेच्या मैदानात प्रेक्षकांना ठार करतो. कारण तो स्वतः सांगतो: घरसंसारात आपण मऊ पडलो, आणि ते आवडायलाही लागलं होतं. त्यात मेलेला गोकू पृथ्वीवर एकाच दिवसापुरता परत आलेला, म्हणजे झुंजीची शेवटची संधी. कारण अंगचं आणि वेळही टळणारी, दोन्ही एकत्र आलं म्हणून ती घसरण पटते. नुसतं ‘त्याच्यातला सैतान जागा झाला’ लिहिलंस तर कुणी मानणार नाही.

परतफेडही तेवढीच कडक ठेव. बू या राक्षसाशी जिवावर उदार होऊन लढण्याआधी तो छोट्या ट्रंक्सला पहिल्यांदा मिठी मारतो, आईला सांभाळ म्हणतो आणि त्याला बेशुद्ध करतो. मरणानंतर काकारोट भेटेल का, असं गोकूच्या साथीदाराला, पिकोलोला, विचारतो. पिकोलो खरं ते सांगतो: नाही, तू फार निरपराध माणसं मारलीस. तरी तो स्वतःला उडवून देतो. आणि बू तुकड्यांतून पुन्हा उभा राहतो! बलिदान वाया जातं, म्हणूनच त्यात सौदा उरत नाही.

गोकूशी स्पर्धा हे सगळ्यात लांब चाललेलं नातं. ‘तूच पहिला’ ही कबुली व्हेजिटा मनातल्या मनात देतो, गोकूच्या तोंडावर नाही. त्यानंतर एक छोटी जागा आहे, ती चुकवू नकोस. स्पर्धेच्या दिवसापासून मेलेले, दुष्ट सोडून बाकी सगळे जिवंत व्हावेत, ही मागणी व्हेजिटाच सुचवतो. ती पूर्ण होते आणि मेलेल्या अवस्थेतच लढायला परत आलेल्या त्याच्या डोक्यावरचं मृतांचं वलय नाहीसं होतं. तो सुधारला की नाही, हा निवाडा कुठलंही पात्र करत नाही, गोष्टीतल्या जगाचा नियम करतो. तुझ्या जगात असा नियम कोणता, हे आताच ठरव, आणि दुसऱ्या प्रकरणात तो सहज जाता जाता येऊ दे.

चितेचा प्रसंग ठेव, रडणं काढ. मित्राचा धाकटा भाऊ तलवार मागतो, सेनापती ‘तुझी लायकी नाही’ म्हणून ती स्वतःच्या कमरेला लावतो, असं कर. आठव्यात त्याच तलवारीच्या हट्टापायी तो तह मोडू दे, आणि त्यात त्या पोराचं गाव जळू दे. दहाव्यात तलवार पोराच्या हाती जाईल, पण सेनापतीच्या तोंडी एखादं खोचक वाक्यच असू दे. चार ते आठ ही प्रकरणं अशी मांडून पाठव. संवाद सध्या लिहू नकोस, नुसत्या चौकटी आखून दे.

तुझा,
काका