मोदक खाल्ला, आता काय होईल?

गणपती गेले की मिरजेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "शेजारच्या काकूंनी मोदक दिला, नको म्हणवेना, खाल्ला. आता काही बाधेल का?" नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेले विचारतातच, पण पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारेही विचारतात.

अशीच एक आई आली होती (ओळखीचे तपशील बदललेत). मोदक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला ताप भरला. साधा व्हायरल, उतरलाही. पण हिची झोप उडाली. काकूंशी बोलणं बंद, डब्यांची ये-जा बंद.

"ताप कुणी आणला?" मी विचारलं.

"प्रभूने शिक्षा केली. नाहीतर त्या मूर्तीतलं काहीतरी लागलं."

"दोन्हीतलं कुठलं?"

उत्तर नाही.

मी धीर देत बसत नाही. भीतीमागचा विचार आधी बाहेर काढते, मग तो टिकतो का ते बघते. बायबल तिच्या पिशवीत होतंच. म्हटलं, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 44वा अध्याय काढा, मोठ्याने वाचा. माणूस झाड तोडतो, अर्धं लाकूड जाळून शेकतो, त्यावरच भाकर भाजतो, आणि उरलेल्या ओंडक्याचा देव करून त्याला म्हणतो, मला वाचव. वाचता वाचता तिला हसू आलं.

"मॅडम, इथे तर म्हणतात त्यात काहीच नाही."

"मग लागलं काय?"

ती त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मीही बोलले नाही. गप्प बसणं मला जमतं. मग म्हणाली, "काकू तर मूर्ती स्वतःच्या हाताने कृष्णेत सोडतात. तिला घाबरते ती मीच!"

इतक्या वर्षांत मला कळलेलं ते हेच. मूर्ती पोकळ आहे ही शिकवण भीती काढण्यासाठी आहे, आणि आपण त्या शिकवणीचीच भीती करून ठेवतो. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, मूर्ती म्हणून जगात काही नाहीच. बाजारातलं मांस चौकशी न करता खा. मात्र हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर त्या माणसासाठी खाऊ नका, असंही तोच सांगतो. प्रसाद तर सांगूनच हातावर ठेवतात, म्हणून ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) यावर एकमत नाही. घ्यायचा की नाही ते पाळकांशी बोलून ठरवा. नको असेल तर हसून, हात जोडून नको म्हणा. पण थरथरत नको.

आणि यशया काकूंच्या दारात वाचायचा नाही. तो आपल्याच लोकांना सुनावत होता. इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांवर जमाव उठला, तेव्हा नगराच्या चिटणीसानेच साक्ष दिली, यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही.

पुढे बोलता बोलता निघालं, मुलाच्या उशीखाली प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली असते. ती नसली तर हिला झोप नाही. तेलाला माझी हरकत नाही, याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय. पण मी तिला हिज्कीया राजाची गोष्ट सांगितली. मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळेचा साप, लोक त्याला धूप जाळू लागले, म्हणून राजाने तो फोडला.

"मग बाटली फेकून देऊ?"

"घाई नको. आज ती दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपून बघा."

हे तिला मोदकापेक्षा जड गेलं.