साइन १५०° आणि ‘त्रिज्ये’तली ज्या

नागपुरात महाल भागात शिकवणी घेणाऱ्या एका सरांचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: ‘दहावीपर्यंत साइन म्हणजे संमुख भुजा भागिले कर्ण, हे मुलांकडून घोकून घेतो. अकरावीत एकक वर्तुळ (त्रिज्या १ चं) येतं, साइन १५०° काढायला सांगितलं की कोणीतरी पोट्टं विचारतंच, सर, काटकोन त्रिकोणात १५०° चा कोन राहीनच कसा? मग याला त्रिकोणमितीय गुणोत्तर म्हणणं बरोबर आहे का? आणि मराठी टिपणांत साइनला ज्या लिहू की भुजज्या?’

सर, पोट्ट्याची शंका रास्त आहे. काटकोन त्रिकोणात १५०° बसत नाही. पण ज्या हा शब्द मुळात त्रिकोणाचा नाहीच, तो वर्तुळाचा आहे. त्रिकोण त्याला पुढे चिकटला.

पुरावा लांब शोधायला नको, रोज फळ्यावर आपण लिहितो तो ‘त्रिज्या’ हा शब्द बघा. त्यात ज्या आहे, आणि ‘त्रि’ही आहे. तीन कशाचे? राशींचे. एक राशी म्हणजे ३०°, तीन राशी म्हणजे ९०°. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या, आजच्या भाषेत ९०° ची. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानलं तर त्याची दोन टोकं जोडणारी ती दोरी. गणितात मात्र तिचा अर्धाच भाग कामाला येतो, म्हणून आधी ‘अर्धज्या’ आणि बोलता बोलता नुसती ‘ज्या’. अख्ख्या दोरीसाठी आपल्या पुस्तकांत ‘जीवा’ उरला. संस्कृतात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, शाळेच्या मराठीत मात्र त्यांची वाटणी झाली, आणि ती सोयीचीच आहे.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्यांचे फरक दिले, ते जोडत गेलं की ज्या मिळतात. शेवटची ९०° ची, ३४३८. तीच त्याच्या वर्तुळाची त्रिज्या. हा आकडा असाच कुठून आलेला नाही: परिघात २१,६०० कला, त्यांना दोन पायने भागलं की ३४३८ च्या अगदी जवळ येतं. वराहमिहिराने त्रिज्या १२० घेतली. त्यामुळे ३०° ची ज्या एकाकडे १७१९, दुसऱ्याकडे ६०. दोन्ही बरोबर, कारण ती लांबी होती आणि लांबी वर्तुळ बदललं की बदलणारच. लांबीला त्रिज्येनं भागलं की मगच दोघांकडे अर्धा येतो. ‘गुणोत्तर’ शब्द खरा इथे शोभतो, ज्या भागिले त्रिज्या. त्रिज्या १ घेतली की भागाकार करायचाच उरत नाही आणि गुणोत्तर हीच लांबी होते. साइन ९०° = १ हे वेगळं पाठ करावं लागत नाही, त्रिज्या या शब्दातच ते बसलेलं आहे. युरोपात त्रिज्या १ मानण्याचा रिवाज ऑयलर या गणितज्ञाच्या १७४८ च्या ग्रंथानंतर रुळला.

म्हणून ‘त्रिकोणमितीय गुणोत्तर’ खुशाल ठेवा. अकरावीच्या दारात सोडायचा तो ‘संमुख भुजा’ हा शब्द. १५०° काटकोन त्रिकोणात बसतच नाही, मग तिथे त्याच्या समोरची भुजा कुठून आणणार? त्याऐवजी सांगा: क्ष-अक्षाच्या धन बाजूवर एक किरण ठेवा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं हवा तेवढा फिरवा, एकक वर्तुळावर तो जिथे टेकेल त्या बिंदूचा क्ष-निर्देशक म्हणजे कोसाइन, य-निर्देशक म्हणजे साइन. १५०° ला क्ष येतो उणे √३/२ आणि य येतो १/२. ४५०° म्हटलं तर एक पूर्ण फेरी मारून पुन्हा ९०° वरच. उणे कोन म्हणजे उलट फिरणं. कोनाला वरचीही मर्यादा नाही, खालचीही नाही.

‘त्रिकोणमिती’ हा शब्द ट्रिगोनोमेट्रीचं सरळ भाषांतर आहे, आणि तो लॅटिन शब्दही १५९५ चा, पिटिस्कस या गणितज्ञाने वापरलेला. म्हणजे विषय जुना, नाव त्यामानाने पोरसवदा. नावाला धरून काम करायचं ते भूमापनात. विल्यम लॅम्बटन या इंग्रज भूमापकाने १८०२ मध्ये मद्रासकडून त्रिकोणांची जी साखळी सुरू केली, ती आपल्या विदर्भापर्यंत आली. स्वतः लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. तिथले त्रिकोण काही सगळे काटकोनी नव्हते. एखादा कोन ११०° निघाला तर भुजा काढायला साइन ११०° लागणारच. तेव्हा त्या पोट्ट्याला सांगायला हरकत नाही की काटकोन त्रिकोणात नसला, तरी साध्या त्रिकोणात ९०° पुढचा कोन चांगला राहतो.

आता ज्या की भुजज्या. माझं मत ज्या, आणि त्याला कारण आहे. जुन्या ज्योतिषात वर्तुळाचे चार भाग म्हणजे चार पदं. कोन विषम पदात, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्यात असेल तर त्या पदात जेवढा चालून झाला तो ‘भुज’. सम पदात असेल तर पद संपायला जेवढा उरला तो भुज. १५०° दुसऱ्या पदात, उरले ३०°, भुज ३०°. २१०° तिसऱ्यात, चालून झाले ३०°, भुज ३०°. ३००° चौथ्यात, उरले ६०°. आजची इंग्रजी पुस्तकं ज्याला रेफरन्स अँगल म्हणतात तो हाच. तेव्हा भुजज्या म्हणजे आधी ९०° च्या आत आणलेल्या कोनाची ज्या. तिला स्वतःचं चिन्ह नाही. चिन्ह राशीवरून ठरायचं: मेषादी सहा राशींत एक, तुळादी सहांत उलट. म्हणजे ०° ते १८०° आणि १८०° ते ३६०°. कोटिज्येसाठी, म्हणजे कोसाइनसाठी, हीच विभागणी मकरादी आणि कर्कादी, कारण कर्क ९०° ला सुरू होते, मकर २७०° ला. साइन कुठे धन, कोसाइन कुठे धन, हा फळ्यावर चार रकान्यांत मांडायचा नियम पंचांगवाल्यांच्या तोंडी राशींच्या नावांनी होता. (मला हा भाग फार आवडतो, म्हणून लांबला.)

‘कोज्या’ म्हणजे कोटिज्याच, तोडून लहान केलेली. कोटिकोनाची ज्या. इथे नागपुरात एक घोळ होतो. मराठी पुस्तकात बेरीज ९०° असलेले ते कोटिकोन, १८०° असलेले ते पूरक. हिंदी पुस्तकात ९०° वाले पूरक आणि १८०° वाले संपूरक. आपल्याकडे पोरं दोन्ही भाषांतली गाइडं वाचतात, आणि ‘पूरक कोनाची ज्या’ म्हटलं की निम्मा वर्ग एकीकडे, निम्मा दुसरीकडे. टिपणांत पहिल्याच पानावर हे लिहून टाका.

साइन हा शब्द परका वाटत असेल तर तोही आपलाच फिरून आलेला आहे. जीवा अरबीत ‘जीब’ झाली. लिपीत स्वर न लिहिल्यानं पुढच्यांनी ती ‘जैब’ वाचली, म्हणजे अंगरख्याची घडी, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं ‘सायनस’ केलं. नागपूरच्या बर्डी बाजारात ‘जेब सांभाळा’ म्हणतात, त्यातली जेब हीच.

राहिली स्पर्शज्या. हा शब्द मला खटकतो, कारण टॅन्जंट ही कसलीच ज्या नव्हे. वर्तुळाला (१, ०) या बिंदूत स्पर्शिका काढा आणि कोनाचा किरण तिला भेटेपर्यंत वाढवा. क्ष-अक्षापासून तिथवरची स्पर्शिकेवरची लांबी म्हणजे टॅन्जंट. १५०° चा किरण पुढे वाढवून भेटत नाही, मागे वाढवावा लागतो, आणि तो खाली भेटतो, म्हणून उणे १/√३. जुन्या लोकांनी याला ज्या म्हटलंच नाही, ते बारा अंगुळं उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, छाया मोजून काम भागवत. टिपणांत टॅनच ठेवा. आणि टॅन ९०° पुढे ‘अनंत’ लिहू नका: तिथे किरण स्पर्शिकेला समांतर असतो, पुढे वाढवा की मागे, भेट होतच नाही. ‘ठरवता येत नाही’ एवढं साधं मराठी पुरतं.