करंज्यांचं ताट परत आलं

पत्र : ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासरी आजेसासऱ्यांपासून ख्रिस्ती. यंदा नाताळच्या करंज्या शेजारच्या काकूंकडे पाठवल्या, तर ताट झाकलेलं तसंच परत आलं. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू याच काकूंनी केले होते. त्यांचा पुतण्या येता-जाता 'पैसे घेऊन बाटलेले' म्हणतो. सोळा वर्षांचा माझा मुलगा पेटून उठतो. हे म्हणतात, आपण ख्रिस्ती, चूप बसायचं. ही क्षमा की भित्रेपणा? – एक आई

उत्तर : ताटाचं वाचून पोटात तुटलं. पण काकू आणि पुतण्या यांना एका मापानं मोजू नका. डिंकाचे लाडू करणारी बाई ताट परत पाठवते, तेव्हा तिच्या घरात कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना जा आणि थेट स्वयंपाकघरात बसा. 'काकू, माझं काही चुकलं का?' एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. धर्म समजावायला बसू नका. त्यांनी विचारलं तर सांगा. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच आहे : आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, मात्र सौम्यपणे द्या. आपली माणसं उत्तर तयार ठेवतात, सौम्यपणा विसरतात.

मुलाला 'चूप बस' म्हणू नका. महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा येशूही चूप बसला नव्हता. माझं बोलणं चुकीचं असेल तर दाखव, नाहीतर मारतोस का, असं त्यानं विचारलं. तुमच्या मुलानंही आवाज न चढवता विचारावं : 'दादा, माझ्या पणजोबांना कुणी किती पैसे दिले, सांग ना.' आणि समोरच्याच्या देवाबद्दल त्याच्या तोंडून एकही वावगा शब्द जाता कामा नये, अगदी रागातसुद्धा. 'परका धर्म' म्हणून कुणी हिणवलं, तर त्याला नारायण वामन टिळक ठाऊक असू देत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला ब्राह्मण कवी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा. त्यांची मराठी भजनं आपण आजही उपासनेत म्हणतो.

आता यजमानांचं. क्षमा केली की तक्रार करायची नाही, असं कुठे आहे? २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीचा खून झाला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली, तो तुरुंगात गेला. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. कोर्टानं आपलं काम केलं, बहिणीनं आपलं. मला हे आठवलं की अजूनही गहिवरून येतं.

तेव्हा टोमणे सोसा, पण पुतण्या धमकीवर आला, दाराशी घोळका जमला किंवा मुलावर हात पडला, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि पाळकांना घेऊन ठाण्यात जा. फटके मारायला बांधलं तेव्हा बायबलमधल्या प्रेषित पौलानंही आपण रोमी नागरिक आहोत हे सांगितलं होतं. तुमच्या पाठीशी घटनेचं २५ वं, धर्मस्वातंत्र्याचं कलम आहे.

काकूंकडे मात्र उशीर करू नका. संक्रांत तोंडावर आली आहे. त्या दिवशी मुलाला घेऊन त्यांच्या दारी जा आणि त्यांच्या हातचा तिळगूळ मागून घ्या.