आधी कोडं जप, मग भाग वाढव

नागपूर

प्रिय दोस्ता,

विज्ञान-कादंबरीवर तीन भागांची मालिका लिहायची म्हणतोस. छान. पण संवादांना हात लावण्याआधी ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’वरची २००८ ची दोन भागांची मालिका बघून घे, आणि बघताना मायकल क्रायटनची १९६९ ची मूळ कादंबरी शेजारी उघडी ठेव. रिडली आणि टोनी स्कॉटसारखे निर्माते पाठीशी असूनही मालिका फसली. का फसली, ते नीट बघ.

कादंबरीत उपग्रह गावात पडतो आणि त्याच्याबरोबर आलेल्या जंतूने गाव मरतं. वाचतात दोघंच, एक म्हातारा आणि एक तान्हं बाळ. म्हातारा अल्सरचा रोगी. ॲस्पिरिन चघळतो, वर जळणाचं स्पिरिट पितो, त्यामुळे त्याचं रक्त आम्लाकडे झुकलेलं. बाळ एकसारखं रडतं. भराभर श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्त अल्कलीकडे सरकतं. जंतू मात्र ७.३९ ते ७.४२ एवढ्याच पीएचमध्ये (आम्ल-अल्कलीचं माप, निरोगी रक्ताचं साधारण एवढंच असतं) वाढतो, म्हणून दोघंही वाचतात. बाळाचं रडणं सुरुवातीपासून कानावर पडत असतं, त्याचा अर्थ लागतो शेवटाकडे. सगळी गंमत याच अंतरात आहे.

मालिकेला तीन तास भरायचे होते. म्हणून व्यसनी पत्रकार आला, सरकारी कट आला, समुद्रतळाचं खाणकाम आलं, शेवटी भविष्यातून कृमिविवरामार्गे (वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातला बोगदा) निरोपही आला! जंतूवरचा इलाज त्या निरोपातच मिळतो. मग शास्त्रज्ञांनी तीन तास केलं काय? (मूळ पुस्तकाचा शेवटही लंगडाच आहे, जंतू आपणहून बदलतो आणि निरुपद्रवी होतो. पण तिथवर डोकं तरी माणसांनीच चालवलेलं असतं.)

तू असं कर. प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी लिही. वर ‘आता काय कळलं’, खाली ‘कशावरून कळलं’. खालची ओळ रिकामी राहिली किंवा तिथे ‘अचानक’ आलं, तर त्या चिठ्ठीवर लाल खूण. लाल चिठ्ठी पहिल्या भागात चालते, कारण संकट योगायोगाने आलेलं प्रेक्षक मान्य करतो. तिसऱ्या भागात एकही नको. नवं पात्र घालायचंच असेल, तर ते काढून बघ. ‘कशावरून कळलं’ची साखळी तुटली नाही, तर ते भरताड समज. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. चिठ्ठ्या दीड तासाच्याच निघाल्या, तर मालिकेचा हट्ट सोड, चित्रपट कर.

चित्रीकरणाचं थोडक्यात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात बंद संरक्षक पोशाख घालून नट दुपारी उभा राहूच शकत नाही. बाहेरचे प्रसंग पहाटे उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत उरक, दर दोन शॉटनंतर पोशाख उघडून पाणी दे. मुखवट्याच्या काचेवर आतून वाफ धरते. भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसलास की काच बराच वेळ स्वच्छ राहते. पोशाखाची सळसळ माइकमध्ये येणारच, तेव्हा ते संवाद डबिंगला धर.

पहिल्या भागाच्या चिठ्ठ्या आधी पाठव. संवाद नंतर वाचतो.

तुझा,
सर