ताटाशिवाय निकाल नाही

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा गुणांचा तक्ता मिळाला. तक्ता आधी पाहिला आणि चिडले. पत्र वाचलं तेव्हा राग ओसरला. गोव्यातल्या तुझ्या हॉटेलच्या वाइन-यादीसाठी मीटिंग रूममध्ये एका दुपारी आठ पोर्तुगीज रेड वाइन, समोर पाणी आणि बिस्किटं. सगळ्यात वर आलेंतेजू प्रदेशाच्या दोन मऊ, गोडसर वासाच्या बाटल्या. तळाला बायराडा प्रदेशातली 'बागा' द्राक्षाची वाइन, तिच्या एक पायरी वर दाऊं प्रदेशातली. आणि आता तू विचारतेस, जाणकार जिला थोर म्हणतात ती बायराडा मला नुसती तुरट आणि आंबट लागली, तर माझी जीभ चुकली का?

जीभ बरोबर आहे. ती वाइन तुरट आणि आंबट होतीच. चुकलं ते ताट. ते समोर नव्हतंच. पोर्तुगालमध्ये रेड टेबल वाइन जेवणासाठी बनवतात. ताटाशिवाय निकाल नाही. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा दिसेल आणि ते मी मुद्दाम लिहिते आहे.

कारण नीट समजून घे. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली, बिया आणि देठांतल्या तुरट द्रव्यामुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, जिभेवरचं वंगण निघून जातं आणि तोंड कोरडं पडतं. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. तोंडात मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की टॅनिन त्यांना धरतं, लाळ बरीचशी वाचते. मिठाने कडवटपणा दबतो. आंबटपणाचंही तसंच: चरबीनंतर तो घोट तोंड धुऊन काढतो आणि पुढचा घास हवासा वाटतो. नुसती प्यायली तर तीच वाइन दटावल्यासारखी लागते. उलट मऊ, पिकल्या फळाची, नव्या ओकच्या पिंपातल्या व्हॅनिलाच्या वासाची वाइन रिकाम्या तोंडाला लगेच आवडते, आणि जेवणात तिसऱ्या घासाला जड होते. तू त्या दुपारी वाइन पारखली नाहीस, पहिल्या घोटाची गोडी मोजलीस.

(बागा हे द्राक्षाचं नाव आहे. पोर्तुगीजमध्ये 'बागा' म्हणजे बोरासारखं छोटं फळ. तुमच्या बागा किनाऱ्याशी जोडून पाहुण्यांना गोष्टी सांगू नकोस.)

आता बायराडाची बाटली पुन्हा उघड. संध्याकाळी सहाला. आधी तापमान बघ. गोव्यात खोली ३० अंशांवर असते आणि 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' हे वाक्य थंड देशांतल्या खोल्यांचं आहे. बाटली बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं असलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं ठेव. नुसत्या बर्फात नको, बाटलीला पाणी लागलं पाहिजे. थर्मामीटरने १६ अंश आले की बाहेर काढ. १२ अंशांवर टॅनिन आणखी करकरीत लागतं, २४ वर अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ गायब होतं. तक्त्यावर तू खोलीचं तापमान लिहिलंस, २६. वाइनचं कुठेच नाही. हे मला फार खटकलं.

५० मिलीलिटर ओत, वास घे, घोट तोंडात फिरवून थुंक, चार शब्द लिही. बाकीची वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून रुंद काचेच्या भांड्यात. तरुण बागाला दीड-दोन तास हवा लागते. आठ वाजता चोरीस, म्हणजे तुमचं डुकराचं मसालेदार सॉसेज, तव्यावर टाक. तिची चरबी सुटून तवा लाल झाला, कडा कुरकुरीत झाल्या की पावात भर. एक घास खा, गिळ, दोन श्वास थांब, मग घोट घे. लक्ष कुठे द्यायचं ते सांगते. आधी हिरड्यांकडे: सहाला ज्या हिरड्या खरखरीत झाल्या होत्या, त्या आता ओल्या आहेत का? मग जिभेच्या मध्याकडे: तिथे आंबट चेरी, सुकं पान, थोडी माती असं काही उमटतं का? मग घड्याळाकडे: गिळल्यावर वीस सेकंदांनीही फळ टिकून आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तर ती वाइन उत्तम आहे, तक्ता काहीही म्हणो.

आणि तिन्ही 'नाही' आली तर? तर ती खरोखर वाईट असू शकते. तुरट म्हणजे थोर, असा उलटा भ्रम करून घेऊ नकोस. बागा उशिरा पिकते, बायराडा अटलांटिकजवळ आहे, आणि सप्टेंबरच्या पावसात घड कुजायला लागतात. घाबरून लवकर तोडलेली द्राक्षं, त्यात देठांसकट आंबवण्याची जुनी रीत, यातून हिरवा तुरटपणा येतो. तो कच्च्या सुपारीसारखा कडू असतो, जिभेच्या कडांना टोचतो आणि चरबीच्या घासानंतरही हटत नाही. पिकलेल्या सालीचा तुरटपणा बारीक असतो, तोंडभर सारखा पसरतो आणि घासाबरोबर विरघळतो. लुईस पातोसारख्या उत्पादकांनी देठ काढायला, वेलीवरचे काही घड आधीच उतरवून उरलेले नीट पिकवायला सुरुवात केली ती याचसाठी. पण हा फरक क्रीम क्रॅकरवर कळत नाही. ताटाशिवाय निकाल नाही.

शेवटचे १५० मिली बाटलीत परत भर, बूच लाव, फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा १६ अंशांवर आण आणि जेवणाबरोबर पी. कमकुवत वाइन दुसऱ्या दिवशी सपाट होते, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागते. चांगली बागा किंवा दाऊं दुसऱ्या दिवशी मोकळी होते. तुझ्या पहिल्या दोन क्रमांकांवरही हीच परीक्षा कर. निकाल मी आत्ता सांगत नाही, तू कर.

तू म्हणशील, परीक्षक तर एका बैठकीत पन्नास वाइनना गुण देतात. देतात, आणि मोठी, गडद, गोडसर वाइन त्यात पुढे जाते, कारण थकलेल्या जिभेला तेवढंच ऐकू येतं. मीही असे गुण दिले आहेत आणि चांगल्या वाइन नापास केल्या आहेत. त्या बाटल्या परत येत नाहीत. म्हणून लोक मला हट्टी म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. दोष शोधायला नुसती चव घेणं आवश्यकच आहे: ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब, ती बाटली परत; नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास म्हणजे व्हिनेगरकडे वाटचाल. काडेपेटीचा वास मात्र ग्लास फिरवला की बहुतेक वेळा जातो, त्यावरून बाटली परत करू नकोस. दोष नुसत्या वाइनमध्ये, दर्जा ताटावर. एवढी विभागणी मला मान्य आहे.

बनवणारे किती थांबतात ते बघ. दोउरू खोऱ्यातली 'बार्का वेल्या' १९५२ साली फर्नांदो निकोलाउ द आल्मेदा यांनी पहिल्यांदा बनवली. पोर्ट या गोड वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या उष्ण खोऱ्यात आंबवणीचं तापमान आवरायला किनाऱ्याकडून बर्फ आणावा लागे. त्यानंतर आजवर जेमतेम वीसेक वर्षांच्या पिकाचीच ती निघाली आहे. बाटल्या भरून वर्षानुवर्षं पडून राहतात, पुन्हा पुन्हा चाखल्या जातात, आणि पसंत पडली नाही तर तीच वाइन 'रेज़ेर्वा एस्पेसियाल' म्हणून विकली जाते. २०११ सालची बाहेर आली २०२० मध्ये. त्यांना निकालाला नऊ वर्षं लागतात आणि तुला नव्वद सेकंद पुरतात?

द्राक्षांच्या नावांत अडकू नकोस. देशी जाती अडीचशेच्या आसपास आहेत आणि बहुतेक रेड मिश्र असतात. दोउरूतली तिंता रोरीझ हीच आलेंतेजूत आरागोनेझ, आणि स्पेनमध्ये तेंप्रानियो. तोरीगा नासिओनालचा जांभळ्या फुलांसारखा, अर्ल ग्रे चहासारखा वास एकदा ओळखलास की पुरे. जमीन मात्र लक्षात ठेव. दोउरूत पाटीसारखा फुटणारा शिस्ट दगड, वाइन दाट आणि उष्ण. दाऊंमध्ये ग्रॅनाइट आणि चारी बाजूंनी डोंगर, वाइन सडपातळ आणि ताजी. बायराडात चिकणमाती आणि चुनखडी. लेबलावरच्या 'रेज़ेर्वा' (राखीव) या शब्दाला फार भुलू नकोस. 'गार्राफेइरा' मात्र रेडसाठी किमान ३० महिने मुरलेली असते, त्यातले १२ बाटलीत.

आलेंतेजूवर मी चिडलेय असं समजू नकोस. आलिकांत बूशे या द्राक्षाचा गरही लाल असतो, आणि जुन्या पद्धतीने पायांनी तुडवून केलेली त्याची वाइन भाजलेल्या बीफबरोबर अप्रतिम. उत्तरेकडच्या पोर्तालेग्रेच्या उंच भागातली तर दाऊंइतकी ताजी असते. तू निवडलेल्या दोन बाटल्यांवर साडेचौदा टक्के अल्कोहोल लिहिलेलं आहे. शाकुतीची मिरची त्यावर पडली की घसा पेटेल. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते. शाकुतीला १३ टक्क्यांची दाऊं दे, १५ अंशांवर, जरा गारच. विंदालूचं मूळच 'विन्या द आल्यूश', वाइन आणि लसूण. तुमच्याकडे त्यात व्हिनेगर असतं. व्हिनेगरसमोर कमी आंबट वाइन पाण्यासारखी होते. सोरपोतेलमध्ये वर डुकराची चरबीही आहे. तिथे बागा लाव. बायराडात ती भाजलेल्या दुधपित्या डुकराबरोबरच पितात, तेव्हा नातं जुनंच आहे.

यादी द्राक्षांप्रमाणे किंवा किमतीप्रमाणे लावू नकोस, पदार्थांप्रमाणे लाव. वर एक ओळ टाक की या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या वाइन आहेत, पोर्ट नव्हेत. तुमच्याकडे 'पोर्ट' म्हणून विकली जाणारी गोड रेड पिऊन आलेला पाहुणा नाहीतर बागा परत पाठवेल.

आणि पुढची ऑर्डर देण्याआधी पेट्या तपास. बंदरातल्या उन्हात तापलेली बाटली ओळखता येते: बूच वर सरकलेलं, टोपीखाली चिकट ओघळ, टोपी बोटांनी फिरत नाही. उघडल्यावर शिजलेल्या मनुकांचा वास. तुझ्या तळाजवळच्या दाऊंबद्दल 'जॅमसारखा वास' असं तू लिहिलं आहेस. ग्रॅनाइटवरच्या वाइनला सहसा तो वास नसतो. त्याच पेटीतली दुसरी बाटली उघड, मग बोल.

येत्या मंगळवारी चार बाटल्या पुरेत: दाऊं, बायराडा आणि तुझे पहिले दोन क्रमांक. चोरीस-पाव, सोरपोतेल, एक जुनं चीज. गुणांचा रकाना कागदावर ठेवूच नकोस. 'सहा वाजता', 'घासानंतर', 'दुसऱ्या दिवशी' असे तीन रकाने आख. कागद बुधवारी रात्री, शेवटचा ग्लास संपल्यावर पाठव. मंगळवारी पाठवलास तर मी वाचणार नाही.